‘राष्ट्राचा सेवक’ : होसे मारिया मोरेलोस यांच्या जीवनातील एका शब्दाचा विचार

मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धाचे (१८१०–१८२१) नेतृत्व पहिल्या पर्वात मिगेल इदाल्गो आणि होसे मारिया मोरेलोस या दोन कॅथलिक धर्मगुरूंकडे होते. हा केवळ योगायोग नव्हे. वसाहतीच्या राजवटीत धर्मग्रामाची नोंदवही धर्मगुरूच्या हाती असे, आणि बाप्तिस्मा घेणाऱ्या बालकाची ‘जात’ तीतच लिहिली जाई. विषमतेचे दप्तर ज्याने सांभाळले, त्याला तिचे स्वरूप पुरते ठाऊक होते.

मोरेलोस यांचा जन्म ३० सप्टेंबर १७६५ रोजी बायादोलिद येथे झाला. या नगरास १८२८ पासून त्यांच्याच नावावरून मोरेलिया म्हणतात. तारुण्याची काही वर्षे शेतमळ्यावर काढल्यानंतर ते सान निकोलास विद्यालयात दाखल झाले. इदाल्गो तेव्हा तेथे प्रमुख होते. पुढे काराक्वारो या उष्ण व दरिद्री धर्मग्रामात त्यांची नेमणूक झाली. धर्मशुल्काचा भार सोसत नाही, अशी तेथील मूलनिवासींची तक्रार होती, आणि तिला उत्तर देण्याची वेळ मोरेलोस यांच्यावर आली होती. ऑक्टोबर १८१० मध्ये त्यांनी इदाल्गो यांची भेट घेतली व दक्षिणेत सैन्य उभारण्याची कामगिरी पत्करली. सुमारे २५ माणसांनिशी निघालेल्या या धर्मगुरूने १८१२ मध्ये कुआउत्लाचा वेढा ७२ दिवस झुंजवला, आणि त्याच वर्षी ओआहाका जिंकले.

तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने त्यांची मोठी कृती लेखणीची आहे. सप्टेंबर १८१३ मध्ये चिल्पान्सिंगो येथील काँग्रेसपुढे त्यांचा ‘सेन्तिमिएन्तोस दे ला नासिओन’ हा मसुदा वाचला गेला. येथील ‘सेन्तिमिएन्तो’ म्हणजे निव्वळ भावना नव्हे. त्यात विचारपूर्वक बनलेले मतही अभिप्रेत आहे. मराठीत ‘मनोगत’ हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो. सार्वभौमत्व जनतेपासून उद्भवते, गुलामगिरी आणि जातिभेद कायमचे नष्ट व्हावेत, कायद्याने श्रीमंती व दारिद्र्य दोन्ही मर्यादित करावे, छळास थारा नसावा, ही त्यातील प्रमुख कलमे होत. जनतेने स्वेच्छेच्या दानापलीकडे धर्मशुल्क देऊ नये, असेही एक कलम आहे. काराक्वारोची तक्रार येथे तक्रारदारांच्या बाजूने निकालात निघालेली दिसते. मात्र दुसरेच कलम कॅथलिक धर्माखेरीज अन्य धर्मास मुभा नाकारते. समतेचा हा मसुदा धर्मगुरूचाच राहिला, हे विसरून चालणार नाही.

काँग्रेसने देऊ केलेली राजेशाही थाटाची पदवी नाकारून मोरेलोस यांनी ‘सिएर्वो दे ला नासिओन’ हे बिरुद घेतले. ‘सिएर्वो’चा रूढ अनुवाद ‘सेवक’ असा होतो. परंतु त्या शब्दात सेवा, बंधन आणि ईश्वरचरणीचे समर्पण असे तिन्ही अर्थ मिसळले आहेत. मराठीत हे सारे ‘दास’ या शब्दात एकवटते. दास्य नष्ट करू पाहणाऱ्याने स्वतःस दास म्हणवावे, यातील विसंगती वरवरची आहे. एका माणसाने दुसऱ्याचे लादलेले दास्य आणि सर्वांचे स्वेच्छेने पत्करलेले दास्य यांतील भेद त्यांनी भक्तीच्या भाषेतून राजकारणात आणला.

नोव्हेंबर १८१५ मध्ये ते पकडले गेले. इन्क्विझिशनने त्यांना पाखंडी ठरविले, त्यांचे धर्मगुरुपद काढून घेण्यात आले, आणि २२ डिसेंबर रोजी एकातेपेक येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या धर्मास त्यांनी राष्ट्राचा एकमेव धर्म मानले, त्याच्याच न्यायासनाने त्यांना बहिष्कृत केले. त्यांच्या सैन्यात लढलेले विसेन्ते गेरेरो राष्ट्राध्यक्ष असताना, १८२९ मध्ये, गुलामगिरी बंद करण्याचा हुकूम निघाला. तेव्हा १८१३ च्या मनोगतातील एक वाक्य कायद्याच्या भाषेत उतरले.