एक फळी, तीन कामे

सातारा-सांगलीकडे बर्फ पडत नाही. आपल्याला बर्फ ठाऊक तो रसवंतीगृहातल्या लादीचा! तरीही बर्फावरच्या खेळाचा एक प्रश्न मागच्या दिवाळीत माझ्या घरी चालत आला. सांगलीचा माझा एक माजी विद्यार्थी चार हिवाळे गुलमर्गला जाऊन स्नोबोर्ड चांगला शिकला आहे. दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचे, असा हा खेळ. १९९८ साली जपानमधील नागानो येथे तो हिवाळी ऑलिंपिकमध्ये आला.

"सर, आता स्वतःची फळी घ्यायची आहे. दाबून कठीण केलेला उतार, भुसभुशीत बर्फ आणि उड्या, या तिन्हींना चालेल अशी. दोन फळ्यांचे पैसे जवळ नाहीत. कोणती घेऊ?"

मी स्नोबोर्डवर कधी उभा राहिलेलो नाही. पण यातला निम्मा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे. तो आपण सोडवू.

कडेची वक्रता : फळी कमरेपाशी अरुंद असते. तिची कड म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा कंस होय. कडेच्या दोन टोकांमधील अंतर (जीवा) १२० सें.मी. आणि कमरेपाशी कंसाची खोली २.२ सें.मी. आहे, असे समजा. जीवेच्या लांबीचा वर्ग भागिले खोलीची आठपट, म्हणजे १४४०० ÷ १७.६. त्रिज्या सुमारे ८.२ मीटर आली. फळी कडेवर कलती केली आणि वजनाने ती वाकली, की वळणाची त्रिज्या आणखी कमी होते. भूमितीने दाखवता येते, की ही त्रिज्या मूळ त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाची कोज्या इतकी असते. ६० अंशांच्या कलाला ती निम्मी, म्हणजे ४.१ मीटर होईल. कंस खोल असेल तर वळण चपळ. पण वेगात सरळ जाताना तीच फळी चंचल वाटते.

बाक : प्लॅस्टिकची पट्टी किंचित वाकवा आणि मधला फुगवटा वर ठेवून टेबलावर धरा. मध्ये दाबा. दाब टोकांकडे जातो ना? अशा बाकाच्या फळीची कड कठीण बर्फावर टोकापर्यंत पकड घेते. आता कृष्णेतली होडी आठवा. तिचे तोंड वर उचललेले असते, म्हणून ते पाण्यात घुसत नाही. टोके वर उचललेली फळी भुसभुशीत बर्फावर तशीच तरते. पण कठीण उतारावर तिची पकड कमी पडते.

ताठपणा : एकाच लाकडाच्या, सारख्याच लांबी-रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या. एकीची जाडी १० टक्के जास्त असेल तर तिचा ताठपणा सुमारे ३३ टक्के जास्त भरतो, कारण तो जाडीच्या घनावर अवलंबून असतो. ताठ फळी वेगात थरथरत नाही. मऊ फळी उडीच्या वेळी सहज वाकवता येते.

पाहिलेत ना? प्रत्येक गुणाची किंमत दुसऱ्या गुणात मोजावी लागते. मी त्याला एवढेच विचारले, "दहा दिवसांपैकी किती दिवस कुठे घालवतोस?" हिशेब करून तो म्हणाला, "सहा दिवस कठीण उतारावर, तीन दिवस उड्यांत, एक दिवस ताज्या बर्फात."

मग उत्तर सोपे झाले. दोन पायांमध्ये बाक, टोके जराशी उचललेली, ताठपणा मध्यमाहून थोडा अधिक, त्रिज्या ८ मीटरच्या आसपास. हवेत अर्धी गिरकी घेऊन उलट्या पायाने उतरायचे, म्हणून पुढचे-मागचे टोक जवळजवळ सारखे. शिवाय बुटाची टोके कडेबाहेर फार येणार नाहीत इतकी रुंदी. नाहीतर कलताना तीच बर्फात रुततात आणि माणूस पडतो.

"म्हणजे ताज्या बर्फात मागच्या पायावर जोर देऊन मेहनत करावी लागणार," तो म्हणाला. बरोबर. एका दिवसाची मेहनत पत्करून त्याने नऊ दिवस सोयीचे करून घेतले.

करून पाहा : जाड कार्डाची २४ सें.मी. लांब पट्टी घ्या. एका कडेला मध्यभागी अर्धा सें.मी. खोल असा कंस कापा. त्या कडेवर पट्टी कलती धरून, सगळी कड कागदाला टेकेपर्यंत मध्ये दाबा व पेन्सिलने रेघ ओढा. कल वाढवून पुन्हा ओढा. दोन्ही कंसांच्या त्रिज्या मोजा. हिशेबाशी जुळतात का?