जिवंत पेशी आणि ३७ अंशांची ऊब



पेशीचा पाठ शिकवताना आपण कांद्याचा पापुद्रा काढतो, आयोडिनचा थेंब टाकतो आणि मुलं सूक्ष्मदर्शकातून बघतात. पण प्रयोगशाळेत जिवंत पेशी तासन्‌तास बघायची असेल तर? तेव्हा चांगलं भिंग आणि प्रकाश पुरत नाही, तापमानही सांभाळावं लागतं.

माणसाच्या पेशींना ३७ अंश सेल्सिअस लागतं, फळमाशीला साधारण २५, झेब्राफिशच्या गर्भाला २८.५. माणसाची पेशी थोडी गार झाली म्हणून लगेच मरत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. मेली असती तर कळलं तरी असतं! ती जगते, चित्रही स्वच्छ येतं, फक्त तिची कामं मंदावतात. विभाजनाला जास्त वेळ लागतो. बघणाऱ्याला वाटतं, आपण घातलेल्या औषधामुळेच हे झालं.

आता गंमत बघा. पेशींची बशी गरम पट्टीवर ठेवलीय, यंत्रावर ३७ आकडा दिसतोय. तरीही आपण बघतोय नेमक्या त्याच पेशी गार असू शकतात. कसं काय? जास्त मोठं दाखवणाऱ्या भिंगात आणि बशीच्या काचेत तेलाचा थेंब असतो. ही काच जेमतेम ०.१७ मिलिमीटर जाडीची. भिंगाचं धातूचं नळकांडं खोलीइतकंच गार. मग काच आणि तेलातून ऊब सरळ भिंगात उतरते आणि नेमकी तेवढीच जागा काही अंशांनी थंड होते. हिवाळ्यात फरशीवर अनवाणी उभं राहिलं की पायांचं जे होतं, तेच.

म्हणून भिंगालाही गरम पट्टा गुंडाळतात. किंवा सगळा सूक्ष्मदर्शकच पेटीत बंद करून आत उबदार हवा सोडतात. ही पेटी काही तास आधी चालू करावी लागते, कारण धातू तापला की प्रसरण पावतो आणि नीट लावलेलं चित्र पुसट होत जातं. (बशीत ओलावा आणि बहुतेक वेळा ५ टक्के कार्बन डायऑक्साइडही लागतो, पण तो वेगळा विषय.) तापमान मोजायचं ते बशीतल्या द्रवात, बारीक तारेच्या तापमापीने, भिंग टेकलेलं असताना. यंत्रावरचा आकडा गरम पट्टीचा असतो, पेशीचा नव्हे.

तापमान वाढलं तरी पेशी बदलते. इटलीतले फेरुच्चो रितोस्सा यांना उष्णता वाढल्यावर फळमाशीच्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. त्यांनी ते १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. उष्णतेचा ताण आल्यावर पेशी जी खास प्रथिनं बनवते, त्यांचा शोध इथून सुरू झाला.

वर्गात हे दाखवायला महागडं काही लागत नाही. स्टीलचे दोन सारखे डबे घ्या, दोन्हींत सारखंच कोमट पाणी ओता. एक डबा थेट फरशीवर, दुसरा घडी घातलेल्या जाड टॉवेलवर. दर पाच मिनिटांनी मुलांना तापमान लिहू द्या. कोणत्या डब्याचं भिंगाशी नातं लागतं, हे त्यांनाच विचारा. तापमापी पाण्याच्या मधोमध धरायला सांगा. एकदा मुद्दाम तळाशी नेऊन पुन्हा मोजायला लावा, डबा एकच असूनही आकडा बदलतो का ते मुलं स्वतः बघतील.