उरलेले अन्न कोण खाते? : घरगुती स्वयंपाकातील राशिविचार

‘शिळे खाऊ नका’ हे पथ्य आपण वैद्य दिवसातून अनेकदा सांगतो. ते शास्त्रसंमत आहे, यात शंका नाही. परंतु पथ्य सांगितल्यानंतर त्या घरात उरलेल्या भाताचे व आमटीचे काय होते, हा विचार चिकित्सालयात क्वचितच होतो. एक तर ते अन्न कचऱ्यात जाते; नाही तर ‘अन्न टाकू नये’ या संस्कारामुळे घरातील गृहिणी ते दुसऱ्या दिवशी मुकाट्याने संपविते. म्हणजे आपले पथ्य रुग्णापुरते पाळले जाते आणि शिळे अन्न त्याच घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या पोटात जाते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात सद्वृत्त सांगताना पर्युषित अन्नाचा निषेध केला आहे. मात्र तो सरसकट नाही. मांस, हरितक, शुष्क शाक, फळे आणि भक्ष्य पदार्थ यांचा तेथे अपवाद केलेला आहे. त्याच ठिकाणी, दही, मध, मीठ, सातू, पाणी व तूप हे वगळता ताटातील सर्व अन्न निःशेष खाऊ नये, असेही सांगितले आहे. वरवर पाहता हे वचन अन्नाच्या नासाडीस अनुमती देणारे वाटेल. परंतु त्या काळच्या घरात ताटातील शेषाला गाय, कुत्रा, पक्षी असे भोक्ते होते. आजच्या सदनिकेत ते शेष थेट कचऱ्याच्या पिशवीत जाते. वचनाचा अर्थ लावताना हा देशकालभेद ध्यानी घ्यावा, असे मला वाटते.

वाग्भटाने अष्टांगहृदयातील मात्राशितीय अध्यायात पुन्हा उष्ण केलेले अन्न त्याज्य मानले आहे. भाताच्या बाबतीत आधुनिक अन्नसूक्ष्मजीवशास्त्राची माहितीही येथे उपयोगी पडते. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू भात शिजविल्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात दीर्घकाळ ओट्यावर राहिल्यास त्यांची वाढ होते. त्यातून निर्माण होणारे वमनकारक विष नंतरच्या उकळण्यानेही नष्ट होत नाही. ‘चांगला गरम करून खाल्ला’ हे रुग्णाचे समाधान म्हणूनच पुरेसे नाही.

मग उपाय कोणता? तो विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. आहारविधिविशेषायतनांपैकी ‘राशि’ या आयतनाचे सर्वग्रह व परिग्रह असे दोन प्रकार तेथे सांगितले आहेत. संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण म्हणजे सर्वग्रह. आणि त्यातील प्रत्येक पदार्थाचे स्वतंत्र प्रमाण म्हणजे परिग्रह. आपण राशीचा विचार नेहमी भोजन करणाऱ्याच्या बाजूने करतो. तो स्वयंपाक करणाऱ्याच्या बाजूने केला, तर अन्नाच्या नासाडीचे मूळ सापडते. बहुतेक घरांत उरते ते सर्वग्रह चुकल्यामुळे नव्हे, परिग्रह चुकल्यामुळे. पोळ्या मोजून होतात, त्या उरत नाहीत. भात, आमटी, रस्सा मात्र ‘अंदाजाने’ होतो आणि तोच उरतो. शिवाय अंदाज नेहमी वरच्या बाजूला जातो, कारण कमी पडणे हे घरातील बाईला कमीपणाचे वाटते.

गेल्या वर्षी अम्लपित्त व वाढते वजन यांसाठी ५२ वर्षांच्या एक गृहिणी आल्या. सांगितलेला आहार निर्दोष होता. ‘उरलेले कोण खाते?’ असे विचारल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मीच. टाकवत नाही.” दुपारी सर्वांची जेवणे झाल्यावर पातेल्यात राहिलेले, आणि सकाळी न्याहारीऐवजी रात्रीचा भात, असा त्यांचा क्रम होता. हे त्यांच्या दृष्टीने जेवण नव्हतेच. म्हणून आहारेतिहासात आले नव्हते. त्यांना पंधरा दिवस फक्त एक नोंद ठेवण्यास सांगितले: काय उरले आणि किती वाट्या. नोंदीवरून घरातील तांदळाचे माप एक वाटीने कमी झाले. आमटी दोन्ही वेळची एकदम होत असे, ती वेगवेगळी होऊ लागली. औषध त्यानंतर लागू पडले. हा एकच रुग्ण आहे, त्यावरून सिद्धांत मांडावयाचा नाही. परंतु हा प्रश्न आहारेतिहासात असावा, एवढे मात्र निश्चित.

नासाडीचा विस्तार लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून. भारतातील घरगुती प्रमाण दरडोई वर्षास सुमारे ५५ किलो असावे, असा त्यातील अंदाज आहे. यात साली, देठ असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. हा ओला कचरा ढिगाऱ्यात वायुविरहित कुजतो व त्यातून मिथेन वायू निघतो. मुंबईतील देवनार कचराभूमीस जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर आसपासच्या वस्त्यांनी अनेक दिवस सोसला. जनपदोद्ध्वंसात चरकांनी वायू, उदक, देश व काल यांची विकृती सांगितली आहे. तिचा आरंभ असा आपल्या ओट्यापासूनही होऊ शकतो.

मोजूनही काही उरणारच. त्याविषयी रुग्णास सांगताना द्रव व शुष्क असा भेद करावा. भात, वरण, रस्सा उरणार असे दिसताच पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी एकदाच पूर्ण तापवावा व संपवावा. अग्निमांद्य असलेल्यास, बालकास व गर्भिणीस तो देऊ नये. भाकरी वा पोळी तुलनेने कोरडी असल्याने लवकर बिघडत नाही. ताज्या ताकात कुस्करलेली भाकरी वा फोडणीची पोळी निरोगी व दीप्ताग्नी व्यक्तीस चालते.

तळणीच्या तेलाबाबत मात्र बचतीचा आग्रह धरू नये. तेल पुनःपुन्हा तापविल्याने त्यात ध्रुवीय संयुगे वाढतात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्यांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरविली असून ती जुलै २०१८ पासून लागू झाली. घरात हे मोजता येत नाही. म्हणून कढईत तेलच कमी घ्यावे. उरलेले तेल गाळून लवकर फोडणीस संपवावे. काळवंडलेले व फेसाळणारे तेल मोरीत न ओतता बाटलीत साठवावे आणि वापरलेले तेल गोळा करणारी सोय असेल तेथे द्यावे.

भाजीची देठे, साली व चहाचा चोथा यांचे खत घरच्या कुंडीत होते. एक भाग ओल्या कचऱ्यास दोन भाग सुका पाला घातला, तर दुर्गंधी येत नाही. बहुतेक लोक पाला घालण्यात कंजुषी करतात व नंतर ‘वास येतो’ म्हणून सोडून देतात. शिजलेले तेलकट अन्न त्यात घालू नये. आपण देत असलेल्या काढ्यांचा चोथाही याच कुंडीत जावा. भरड व उकळलेला असल्याने तो लवकर कुजतो. हे रुग्णास काढ्याची कृती सांगतानाच सांगावे. भल्लातकयुक्त चोथा मात्र हाताळण्यास त्रासदायक ठरतो, तो वेगळा ठेवावा.