सावेदादांची फीत

मुंबईच्या मलबार टेकडीवर एक प्रशस्त बाग आहे. शहराला पाणी पुरविणाऱ्या जलाशयाच्या छतावर ती फुलविलेली असून 'हँगिंग गार्डन' या नावाने ती सर्वांच्या परिचयाची आहे. १८९९ साली या बागेत एक कुस्ती झाली. पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी हे दोन मल्ल एकमेकांशी झुंजत होते. कुस्ती मुंबईकरांना नवी नव्हती. नवे होते ते समोर रोखलेले एक यंत्र! ते चालविणारे गृहस्थ म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा म्हणत.

या उद्योगाचे बीज तीन वर्षांपूर्वीच पडले होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. तिकीट होते एक रुपया. आगगाडी स्थानकात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, असे अगदी साधे प्रसंग त्यांत होते आणि प्रत्येक फीत जेमतेम एका मिनिटाची होती. तो कारखाना ल्युमिएर बंधूंचा स्वतःचाच होता. चित्रासाठी विषय दूर शोधावा लागत नाही, हे जणू त्यांनी दाखवून दिले. सावेदादा व्यवसायाने छायाचित्रकार होते. या नव्या कलेने त्यांना भारून टाकले. त्यांनी २१ गिनी खर्चून इंग्लंडहून यंत्र मागविले आणि आपल्याच शहरातील एक दृश्य टिपावयाचे ठरविले.

अशा यंत्रात दर सेकंदाला सुमारे सोळा चित्रे एकामागून एक उमटत. ती त्याच वेगाने पडद्यावर दाखविली, म्हणजे डोळ्यांना सलग हालचालीचा भास होई. यंत्राची मूठ हाताने फिरवावी लागे. चित्रण करताना हात मंदावला, तर पडद्यावरची माणसे धावू लागत. हात घाईने फिरला, तर तीच माणसे रेंगाळत चालत. दिव्यांचा उजेड अपुरा पडे; म्हणून चित्रण उघड्यावर, लख्ख उन्हात करावे लागे. फीत तर क्षणात संपून जाई. यास्तव काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा निर्णय आधीच करणे भाग होते.

शिवाय हे यंत्र बहिरे होते. शड्डूचा आवाज त्याला ऐकू येत नसे. मांडीवर पडणारा तळवा मात्र दिसे. प्रेक्षकांची आरोळी त्याला कळत नसे. उंचावलेले हात मात्र दिसत. जे शब्दांनी सांगावयाचे, ते सारे मूक चित्राला डोळ्यांच्या द्वारेच सांगावे लागे.

कुस्ती संपली, तरी सावेदादांची कसोटी संपली नव्हती. टिपलेली फीत धुऊन घेण्यासाठी त्यांना लंडनला पाठवावी लागली. चित्र उमटले की नाही, हे कळण्यासाठी वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. चूक झाली असती, तर तो क्षण पुन्हा मिळणार नव्हता. परंतु त्यांचे श्रम वाया गेले नाहीत. भारतीय माणसाने घेतलेल्या अगदी पहिल्या चित्रफितींत या फितीची गणना होते.

पुढे डिसेंबर १९०१ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे विलायतेहून मुंबईस परतले. कोकणातील मुरडी गावच्या या बुद्धिमान तरुणाने १८९९ साली केंब्रिज विद्यापीठात गणितातील 'सीनिअर रँग्लर' हा बहुमान मिळविला होता. त्यांच्या स्वागताचा सोहळाही सावेदादांनी आपल्या फितीत साठविला.

दुर्दैवाने कुस्तीची ती फीत आज पाहावयास मिळत नाही. त्या काळच्या फिती चटकन पेट घेत आणि काळाच्या ओघात कुजून जात. जुने चित्रपट जतन करण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले, ते १९६४ साली. तोपर्यंत पुष्कळसा ठेवा नाहीसा झाला होता.

तरीही सावेदादांनी दाखविलेली वाट नाहीशी झालेली नाही. गावचा पार, नदीचा घाट, आठवड्याचा बाजार ही स्थळे रोज दिसतात, म्हणूनच ती कोणी नीट पाहत नाही. एके दिवशी पार पाडला जातो, घाट बुजतो, बाजार दुसरीकडे हलतो. आणि मग ते स्थळ कसे होते, हे सांगणारे वृद्धच काय ते उरतात. अशा स्थळासमोर मिनिटभर स्थिर उभे राहून जो ते लक्षपूर्वक टिपून ठेवतो, तो पुढील पिढ्यांसाठी मोलाचा ठेवा मागे ठेवतो.

शब्दार्थ
गिनी – इंग्लंडमधील एक जुने नाणे. शड्डू ठोकणे – कुस्तीपूर्वी मांडीवर थाप मारून आव्हान देणे. गत्यंतर – दुसरा उपाय. यास्तव – यासाठी.

स्वाध्याय
१. चित्रण करताना मूठ संथपणे फिरवली, तर पडद्यावर काय दिसे? का?
२. सावेदादांची 'कसोटी' कोणती होती?
३. 'हे यंत्र बहिरे होते' असे लेखकाने का म्हटले आहे?
४. तुमच्या गावातील एक स्थळ निवडा. त्याच्या एका मिनिटाच्या मूक चित्रणात कोणती पाच दृश्ये घ्याल, ते क्रमाने लिहा.