एक्स्चेंजर नवा, तरी काटा चढतो

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नौका ओढून शाकारल्या जातात आणि इंजिनाची मोठी कामं निघतात. खाऱ्या पाण्यावर थेट थंड होणारं इंजिन हीट एक्स्चेंजरवर घेणं हे त्यातलंच एक. ब्लॉकमध्ये कूलंट मिसळलेलं गोडं पाणी फिरतं, खारं पाणी फक्त एक्स्चेंजरच्या नळ्यांतून जातं आणि ब्लॉक गंजण्यातून वाचतो. निर्णय चांगलाच. पण ऑगस्टात नौका बाहेर पडली, काटा चढला, की नाखवापासून मेकॅनिकपर्यंत सगळे नव्या एक्स्चेंजरकडे बोट दाखवतात. माझ्या मते तो बहुधा निर्दोष असतो. उष्णता बाहेर नेण्याच्या वाटेवर एकच टप्पा बदललेला असतो, बाकीचे जुनेच असतात आणि नवं ओझं त्यांच्यावर पडतं.

त्याआधी इंजिन खरंच तापतंय का, हे ठरवायला हवं. थेट खाऱ्या पाण्यावरचं इंजिन ५५ ते ६० अंशांच्या आसपास ठेवतात, कारण त्याहून गरम झालं की क्षार आत थर धरतात. बंद फेऱ्यातल्या इंजिनाचा थर्मोस्टॅट मात्र बहुधा ८० अंशांच्या जवळपास उघडतो. वर्षानुवर्षं साठ बघितलेल्या तांडेलाला ऐंशी बघून धडकी भरणारच, पण तो आकडा निरोगी आहे. शिवाय नवा सेन्सर जुन्या मीटरला जुळणारा नसेल, तर काटा चक्क खोटं सांगतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या टेपचा तुकडा लावून इन्फ्रारेड थर्मामीटर धरावा (चकचकीत धातूवर तो फसतो) आणि मगच पाना हातात घ्यावा.

इंजिन खरंच तापत असेल, तर खाऱ्या पाण्याचा हिशेब करावा. १०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन पूर्ण भारावर ढोबळमानाने ६५ किलोवॅट उष्णता पाण्यात सोडतं. मिनिटाला ७० लिटर पाणी वाहत असेल तर ते सुमारे १४ अंशांनी तापून बाहेर पडतं. प्रवाह निम्मा झाला तर तीच वाढ २७-२८ अंशांवर जाते. आपला समुद्र मुळातच २८-२९ अंशांचा, म्हणजे एक्स्चेंजर कितीही मोठा असला तरी त्याच्या नळ्यांतलं पाणी क्षार धरण्याच्या उंबरठ्यावर येतं. म्हणून बादली आणि घड्याळ घेऊन बाहेर पडणारं पाणी मोजावं, आणि तेही वाढवलेल्या आरपीएमवर. यावर हमखास ऐकू येतं, 'पंप तोच आहे, इतकी वर्षं पुरला की!' पुरला, कारण वाट मोकळी होती. आता तेच पाणी एक्स्चेंजरच्या बारीक नळ्या, गिअरबॉक्सचा ऑइल कूलर आणि जागेअभावी बसवलेले दोन-तीन काटकोनी एल्बो यांतून ढकलायचं आहे. झिजलेला इंपेलर इथेच हार मानतो. त्याची पाती मोजावीत, एखादं कमी असेल तर ते एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेलं सापडतं. पंपाच्या ओढीच्या बाजूला साधा मऊ पाइप लावला असेल तर तो वेगात आत चिमटतो आणि इंजिन बंद केलं की पुन्हा गोल होतो, त्यामुळे धक्क्यावर तपासताना दोष दिसतच नाही. गाळणी आणि तळाचं तोंड बघणं तर आलंच, पावसाळ्यानंतर खाडीत प्लास्टिक काय कमी असतं?

पाण्याचा प्रवाह ठीक निघाला, तर इंजिन केव्हा तापतं ते बघावं. उभ्या नौकेत, मंद चालीवरच काटा चढत असेल, तर गोड्या पाण्याच्या फेऱ्यात हवा अडकल्याचा संशय घ्यावा. हेडर टँक हा सगळ्या फेऱ्यातला सर्वांत उंच बिंदू असायला हवा. अडचणीच्या इंजिन-घरात तो खाली बसवला जातो आणि हवेला निघायला जागा राहत नाही. झाकणही तपासावं. १ बारचं झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत नेतं, त्याचं रबर सुकलं की पाणी आधीच उकळून बाहेर येतं. भारावरच तापत असेल आणि इंजिन पूर्ण आरपीएम न गाठता काळा धूर सोडत असेल, तर दोष कूलिंगचा नाहीच. पंख्यावर आणि बुडाला कालवं चढली असतील किंवा पंखा जास्त पिचचा असेल.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला प्रत्येक धक्क्यावर मिळतो. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि बरंचसं गरम पाणी एक्स्चेंजरला वळसा घालून परत ब्लॉकमध्ये येतं. इतर इंजिनं थंडच धावतात, डिझेल जास्त पितात. थर्मोस्टॅट गरम पाण्यात बुडवून तो उघडतो का ते बघायला दहा मिनिटं पुरतात. हवा पूर्ण काढल्यावरही हेडर टँकमध्ये बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर हेड गॅसकेट गेलं असं समजून इंजिन बंद करावं. गरम ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नये. इंजिन निवेपर्यंत नांगर टाकून थांबावं आणि दुसऱ्या नौकेला हाक द्यावी.