ट्रायपॉडविना स्थिर कॅमेरा

प्रश्न : हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणार आहोत. पाठीवर तंबू आणि शिधा असल्यामुळे ट्रायपॉड नेता येणार नाही. कोकणकड्यावरचा सूर्यास्त आणि नंतरचा संधिप्रकाश न हलता टिपता येईल का?

उत्तर : नक्की येईल. सूर्यास्तापर्यंत कॅमेरा हातात धरला तरी चालतो. कोपरं बरगड्यांना टेकवा, पट्टा मानेवर ताणून धरा आणि श्वास सोडता सोडता बटण अलगद दाबा. शटरचा वेग लेन्सच्या फोकल लेंग्थइतका तरी ठेवा. ५० मिमीला १/५०, तर २०० मिमीला १/२०० सेकंद. एपीएस-सी सेन्सर असेल तर वेग दीडपट करा. उजेड कमी पडला तर आयएसओ बिनधास्त वाढवा. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो मात्र सुधारत नाही.

संधिप्रकाशात शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं, तेव्हा हात पुरे पडत नाहीत. खिचडीचे तांदूळ एका कापडी पिशवीत सैलसर भरा, ती सपाट कातळावर ठेवा आणि कॅमेरा तिच्यात रुतवा. वेगळं ओझं होत नाही, लेन्स हवी तशी कलते. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. कॅमेरा असा टेकवल्यावर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा. काही लेन्समध्ये त्यानेच चित्र हलतं.

जागा मात्र कड्याच्या धारेपासून आतली निवडा. तिथला वारा जोरदार असतो आणि कोणताही फोटो जिवापेक्षा मोठा नाही.