थबकलेल्या पावलांना ताल

हा पाठ वाचल्यानंतर आपण,
• दीर्घ आजारात कलेचा आधार कसा मिळतो हे सांगू शकाल;
• ‘बरे होणे’ व ‘बरे वाटणे’ यांतील भेद स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

कप उचलावा तर हात थरथरतो. सदऱ्याचे बटण काही केल्या काजात शिरत नाही. उंबरठ्याशी पाऊल जमिनीला खिळल्यासारखे थबकते. कंपवाताच्या रुग्णाचा दिवस अशा लहान लहान लढायांचा असतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले. म्हणून त्याला ‘पार्किन्सन्स’ असेही म्हणतात.

या आजारात मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात व हालचाली मंदावतात. औषधांनी लक्षणे आटोक्यात राहतात. परंतु आजार समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. शरीराबरोबर मनही खचते. लोक पाहतील या संकोचाने रुग्ण आधी समारंभ टाळतो, पुढे घराबाहेर पडणेच सोडतो.

येथे कला मदतीला येते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनीही कंपवाताच्या रुग्णांना नृत्याचे धडे दिले. अशा वर्गांची सुरुवात बहुधा खुर्चीत बसून होते. आधी हात, मान व खांदे तालावर हलतात. मग आधार घेऊन उभे राहायचे आणि शेवटी पाऊल टाकायचे.

हे कसे साधते? एरवी आपण विचार न करता चालतो. कंपवातात नेमकी हीच सहजता हरवते. तेव्हा टाळीचा ठेका किंवा जमिनीवर आखलेली रेघ बाहेरून इशारा देते आणि अडलेले पाऊल पुष्कळदा पुढे पडते. शिवाय तेथे कोणी कोणाच्या थरथरत्या हाताकडे पाहून कुजबुजत नाही. रुग्ण तेवढा वेळ रुग्ण नसतो, नर्तक असतो.

ताल आपल्याला परका नाही. रायपूरच्या परिसरात सुवा नृत्यातील टाळ्या आहेत, पंथीचा मांदर आहे. महाराष्ट्रात भजनाचे टाळ आहेत. मात्र तोल जाण्याचा धोका असल्याने डॉक्टरांचा सल्ला व सोबत आवश्यक असते.

नृत्याने कंपवात बरा होत नाही. औषधेही सुटत नाहीत. तरीही वर्गातून परतणाऱ्या माणसाला ‘आज बरे वाटले’ असे म्हणता आले, तर ते थोडे नव्हे. बरे होणे माणसाच्या हाती नसते तेव्हाही बरे वाटण्याची वाट मोकळी असते.

शब्दार्थ
समूळ – मुळासकट
संकोच – अवघडलेपणा
मांदर – गळ्यात अडकवून वाजवायचे दोन तोंडांचे चर्मवाद्य

स्वाध्याय
१. रुग्ण घराबाहेर पडणे का सोडतो?
२. ‘रुग्ण तेवढा वेळ रुग्ण नसतो, नर्तक असतो’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
३. आपल्या परिचयातील दीर्घ आजारी व्यक्तीला कोणती कला आनंद देऊ शकेल? पाच-सहा ओळींत लिहा.